सातव्या नंबरची बरणी

गळा फुगवून डोळे अर्धे मिटले, की भेक, म्हणजे बेडकाचा तो चामखिळ्या चुलतभाऊ. उजव्या हाताचं बोट टकलावर गोल गोल फिरवत बरोबर मध्यावर आणून टेकवलं, की समुद्री गोगलगाय. खांदे वर करून मान आत ओढली, की कासव. अंधेरी पूर्वेच्या आमच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बाहेर पडलेली निम्मी पोरं या तीन-चार खुणांच्या जोरावर पदवीधर झालेली आहेत. त्यांतली काही आज मोठ्या हुद्द्यावर आहेत, काही परदेशात आहेत आणि एक-दोघी तर त्याच कॉलेजात बसून इतरांना प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांतली एक मी.

खुणा करणारे गृहस्थ आमच्या लॅबचे अटेंडंट. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. मूळचे मालवणकडचे, राहायला जोगेश्वरीला, वडील गिरणीत होते. बुटके, गोल, मानेचा पत्ता नाही, चेहऱ्यावर दोन-तीन ठसठशीत चामखिळी. "देवाने माझा साचा भेकासाठी काढलेला, ऐन वेळी ऑर्डर बदलली," असं ते स्वतःच नवीन पोरांना सांगायचे, म्हणजे पोरांना मागून हसायची तसदी नको.

ज्यांनी सायन्स घेतलं नाही आणि सुखात राहिले, त्यांच्यासाठी सांगते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत 'स्पॉट' नावाचा एक छळ असतो. लांब टेबलावर दहा वस्तू मांडून ठेवतात, प्रत्येकीला नंबर. बरणीतला प्राणी, एखादं हाड, स्लाइड, काहीही. एकेका वस्तूसमोर दोन मिनिटं उभं राहायचं, ती काय आहे ते लिहायचं, ओळखण्याची दोन कारणं लिहायची, आणि घंटा वाजली की पुढच्या नंबरावर सरकायचं. वस्तूला हात लावायचा नाही. घंटा वाजवायचं काम मामांचं. ते कोपऱ्यात उभे राहायचे आणि कोपऱ्यातून सगळी पोरं दिसायची. ज्याचं पेन बराच वेळ हललेलं नसेल त्याच्याकडे मामा बघायचे, आणि मग त्यांच्या टकलाला खाज सुटायची.

"ही कॉपी नाय," असं त्यांनी मला पुढे एकदा समजावलं. "मी नाव सांगतो का? नाय. कारणं सांगतो का? नाय. नुसता धीर देतो."

लॅब मामांच्या ताब्यात होती आणि आम्ही प्राध्यापक तिथे पाहुणे. स्लाइड वाळवायच्या ओव्हनमध्ये दर मे महिन्यात गावाहून आलेली आमसुलं वाळायची. एकदा बाहेरच्या परीक्षकांनी ओव्हन उघडला आणि आतले काळेलाल तुकडे बघून, हा कुठला नमुना, असं विचारलं. मामांनी शांतपणे कोकमाचं शास्त्रीय नाव सांगितलं, "गार्सिनिया, सर. बॉटनीवाल्यांचा आहे. त्यांचा ओव्हन बिघडलाय." परीक्षकांनी मान डोलावली. जाताना मामांनी त्यांना अर्धा किलो नमुना पिशवीत बांधून दिला.

मामांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. हातात दोन बरण्या घेऊन कुठल्याही पोरासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "फरक सांग." पोरगं गांगरलं की म्हणायचे, "अरे, परीक्षेत फरक कोणात विचारतात? बेडूक आणि भेक. गोगलगाय आणि शिंपला. जवळच्याजवळच्यांत. लांबच्यांत विचारत नाय, म्हणून लांबच्यांत कोण बघत नाय. तू लांबच्यांत बघ."

त्यांच्या हातातल्या त्या दोन बरण्या म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचं ब्रह्मास्त्र. एकीत भेकाची अंडी, दुसरीत समुद्री गोगलगाईची. तुम्ही म्हणाल, भेक कुठे आणि गोगलगाय कुठे, यात चुकायचं काय? अंड्यांतच तर घोळ आहे. भेकाची मादी डबक्यात अंड्यांच्या लांबच लांब दोऱ्या सोडते. आणि काही समुद्री गोगलगाई आपली अंडी छोट्या छोट्या चिवट पिशव्यांत भरून त्या पिशव्यांचीही माळच करतात. दोन्ही वर्षानुवर्षं नमुने टिकवायच्या, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या फॉर्मलिनमध्ये पडून राहिल्या की रंग उडतो, पाणी पिवळं होतं, आणि बरणीत नुसता एक मळकट गुंता दिसतो. गोगलगाईची माळ मामांनी तरुणपणी माहुलच्या खाडीतल्या चिखलातून काढलेली. भेकाची, कॉलेजच्या मागच्या डबक्यातून. त्या डबक्यावर आता स्टाफचं पार्किंग आहे.

दोघींतला फरक सांगताना मामांना चेव यायचा.

"ही गोगलगाय बघ. एकेका खोलीला भिंत, छप्पर, दार, सगळं बांधून मग पोरं आत. झकास वाटतं ना? पण खोली एक आणि पोरं पन्नास. मग आतल्या आत काय होतं? काही जातींत जो आधी फुटतो तो बाकीच्यांना खातो. बाहेर येतात दोन-तीन, गुटगुटीत. आणि ही भेक. हिला ना छप्पर ना दार. सगळा संसार उघड्यावर ओतला आणि निघून गेली. डबकं आटलं तर सगळेच मेले. पण भावाने भावाला खाल्ला असं निदान दोरीत तरी होत नाय." मग थांबून विचारायचे, "आता सांग, तू कुठे जन्माला येशील?"

मी विद्यार्थिनी असताना हा प्रश्न मलाही विचारला होता. आम्ही सहा माणसं घाटकोपरला एका खोलीत राहत होतो आणि माझ्या मोठ्या भावानं नुकताच खोलीवर हक्क सांगितला होता. मी म्हटलं, "मामा, मी ऑलरेडी गोगलगाईत आहे." ते इतके हसले की बरणी खाली ठेवावी लागली. मग त्यांनी खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून दिली आणि म्हणाले, "खा गो. गुटगुटीत हो." त्यांची बोली एरवी मुंबईचीच, पण माया आली, राग आला किंवा भीती वाटली की मालवणी बाहेर पडायची.

परीक्षेच्या सकाळी, पोरं यायच्या आधी, मामा नमुन्यांच्या कपाटासमोर नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घालायचे. फिजिक्सचे, केमिस्ट्रीचे, लायब्ररीचे, झाडून सगळे कोकणी शिपाई हात जोडून उभे. "बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरांची परीक्षा आसा रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "बाहेरसून इल्लो परीक्षक शीघ्रकोपी आसात, तर तेचा डोक्या थंड कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आणि कोणाचा स्पॉट अडला, तर तो सोडव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आमचे हेड, जे उत्क्रांतीवर भाषणं द्यायचे, ते या वेळी दारात चपला काढून उभे असायचे आणि नंतर सगळ्यात मोठी खोबऱ्याची शकलं उचलायचे. देवाला जमलं नाही तर कोपऱ्यात मामा होतेच.

इथवर सगळं गमतीचं. मामांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, तेव्हाची गोष्ट आता सांगायची आहे.

त्या वर्षी शेवटच्या वर्गात एक मुलगी होती. बडबडी नव्हती, हुशार म्हणावी अशीही नव्हती. पण चिवट. मरोळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी रक्ताचे नमुने घ्यायचं काम करून मग कॉलेजला यायची. त्या लॅबच्या मालकांनी तिला टेक्निशियन म्हणून कायम करायचं कबूल केलं होतं, पदवीचा कागद हातात आल्यावर. घरात कमावणारी तीच होती. तिच्यासाठी पास होणं म्हणजे नोकरी होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक खरोखरच शीघ्रकोपी निघाले. सकाळी आल्या आल्या त्यांनी मांडणी बघितली. सात नंबरवर मामांनी गोगलगाईची माळ ठेवली होती. परीक्षक म्हणाले, "ही नको, दरवर्षी हीच असते. ती दुसरी ठेवा." मामा तेव्हा नारळाच्या वाट्या घेऊन खालच्या मजल्यावर गेले होते. आमच्या हेडनी स्वतःच्या हातानं बरणी बदलली. ते एवढं काम करतात हे बघून मला आश्चर्य वाटलं, पण मामांना सांगायला हवं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ही चूक माझीही, हे नोंदवून ठेवते.

ती मुलगी सातव्या नंबरवर आली. लिहायला लागली आणि मग थांबली. पेन हवेतच राहिलं. मामांनी कोपऱ्यातून बघितलं, आणि बोट टकलावर गोल गोल फिरवत मध्यावर आणून टेकवलं. मी बघितलं. मुलीनं बघितलं. दुर्दैवानं परीक्षकांनीही बघितलं.

"हे काय चाललंय?" परीक्षक ओरडले.

"घाम, सर," मामा म्हणाले.

डोक्यावर पंखा गरगरत होता. परीक्षकांनी त्याच संध्याकाळी लेखी तक्रार दिली आणि तीन दिवसांनी चौकशी बसली.

चौकशी समितीत प्रिन्सिपॉल, आमचे हेड आणि कॉमर्सच्या एक बाई. प्रिन्सिपॉल केमिस्ट्रीचे असल्यामुळे त्यांना प्राण्यांतलं काही कळत नव्हतं आणि बाईंना कळून घ्यायचं नव्हतं. "भेक म्हणजे नेमकं काय?" बाईंनी विचारलं. हेडनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "शी." तेवढं कामकाजात लिहिलं गेलं नाही. मामा बाहेर बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. आरोप सिद्ध झाला असता तर दोन महिन्यांवर आलेली निवृत्ती बडतर्फीत बदलली असती. मला विचारलं, तुम्ही काही पाहिलं का? मी म्हटलं, मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. आयुष्यात इतकं सफाईदार खोटं मी पुन्हा बोललेले नाही.

मुलीलाही बोलावलं. ती म्हणाली, "मामा घाम पुसत होते." बस, इतकंच. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग प्रिन्सिपॉलांना एक युक्ती सुचली, आणि त्यांना ती अजूनही आपली सर्वांत तल्लख कामगिरी वाटते. त्यांनी मुलीची उत्तरपत्रिका मागवली. सात नंबरवर होती भेकाची अंडी. मुलीनं लिहिलं होतं, समुद्री गोगलगाय. प्रिन्सिपॉल खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अहो, खूण केली असती तर उत्तर बरोबर नसतं का आलं? इतकी वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस चुकीची खूण करील?" समितीला हे पटलं. आरोप फेटाळला गेला आणि चहा मागवला गेला.

उत्तरपत्रिका परत ठेवायला माझ्याकडे आली, तेव्हा मी ती नीट बघितली. 'समुद्री गोगलगाय' या शब्दांच्या वर एक ओळ खोडलेली होती. खोडलेल्या रेघेखालचं अक्षर सहज वाचता येत होतं. भेक. बरोबर उत्तर तिनं स्वतःचं स्वतः लिहिलं होतं. मग कोपऱ्यात बघितलं आणि खोडलं.

मामा लॅबमध्ये सगळ्यांना बटाटेवडे वाटत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुटलो गो! पण पोरीने लिहिलं काय शेवटी?"

मी सांगितलं.

"खुळी काय तू? सातव्यात गोगलगाय होती. मी माझ्या हाताने ठेवलेली."

"हेडनी सकाळी बदलली, मामा."

ते मग कपाटाकडे गेले, दोन्ही बरण्या काढल्या आणि एकेक कानाजवळ नेऊन हलवली. एकीत काही आवाज आला नाही. दुसरीत पिशव्या काचेवर आपटून बारीक खुळखुळल्या. त्यांनी दोन्ही जागेवर ठेवल्या. या सगळ्यात त्यांनी बरणीत एकदाही डोकावून बघितलं नव्हतं.

"डोळ्यांचं कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून," ते म्हणाले. "मोतीबिंदू. दोन्हीकडे. माणूस हलता का थांबता, येवढांच दिसता. कोणाक सांगलंय नाय. ॲसिडच्या बाटल्या हाताळणारो माणूस आंधळो झालो म्हणान कळला, तर शेवटचे महिने खय बसवतीत? गेटवर?"

म्हणजे चार-पाच महिने मामा सगळी लॅब हातांनी आणि कानांनी चालवत होते, आणि आम्ही पाच डोळस प्राध्यापक त्यांच्या भरवशावर. मी काहीतरी सांत्वनाचं बोलले. ते ऐकत नव्हते.

"मी जातंय प्रिन्सिपॉलकडे," ते म्हणाले. "सांगतंय, खूण केली म्हणान. चुकीची केली. तिचा आधीचा उत्तर धरा."

"आणि मग तिची कॉपी होईल," मी म्हटलं. "खूण तुम्ही केलीत तर ती बघून तिनं लिहिलं. तिचा अख्खा पेपर रद्द होईल, आणि तुमची पेन्शनही जाईल. कुणाचंच भलं होणार नाही."

मामा स्टुलावर बसले. आपल्या वाटणीचा वडा त्यांनी बाजूला सरकवला. "मी खोटो आसान सुटलंय," ते म्हणाले, "आणि ती खरी आसान पडली."

ती पडलीच. जूनमध्ये निकाल लागला आणि प्रॅक्टिकलमध्ये ती दोन मार्कांनी नापास. एक स्पॉट तीन मार्कांचा असतो. पॅथॉलॉजी लॅबच्या मालकांनी तिच्यासाठी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं, त्यापुढे नाही. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत काही चुकलं असतं तर तिच्या जागी दुसरं कुणीतरी आलं असतं.

मामा मे अखेर निवृत्त झाले होते. शाल, श्रीफळ, हेडचं भाषण, सगळं यथासांग झालं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये हजर. मुलगी कागदपत्रांसाठी आली होती. मामा तिच्यासमोर उभे राहिले.

"माझी चूक झाली गो बाय," ते म्हणाले.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी आधी भेकच लिहिलं होतं, मामा."

"माहीत आसा."

"मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं."

 मामांनी कपाट उघडलं, दोन बरण्या काढल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या. "बस," ते म्हणाले. "फरक सांग."

तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी मामा जोगेश्वरीहून यायचे. पगार नाही, परवानगी नाही. नवीन अटेंडंटला त्यांनी आमसुलांवर वश केलं होतं. ती मुलगी सकाळची पाळी संपवून धापा टाकत यायची. मामा तिला बरणी खिडकीपुढे धरायला लावायचे. "काय दिसतं?" "साबुदाण्यासारखे दाणे, ओळीत." "कशात?" "चिकट दोरीत." "दुसरीत?" "पाकिटं. प्रत्येकाला शिवण आहे." "मग कोण कोणती?" ती सांगायची. बरोबर की चूक, ते मामा सांगायचे नाहीत. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागली की ते पाठ फिरवायचे. "माझ्या थोबाडावर काय लिहिलंय? बरणीत बघ."

एका शनिवारी तिनं चिडून विचारलं, "बरोबर असेल तर बरोबर म्हणायला काय जातं तुमचं?"

"माझी जीभ जाता," मामा म्हणाले. "एकदा बोट गेला, तां पुरे."

मी शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होते. डोळ्यांचं ऑपरेशन का करत नाही, असं मी दर शनिवारी विचारायची. आधी तिची परीक्षा, मग डोळे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला वाटायचं, भीती वाटत असणार, म्हणून सबब. थोडी होतीही. पण मी हेही बघत होते, की हा माणूस स्वतःला शिक्षा करून घेतोय. त्यांना थांबवावं असं मला वाटलं नाही, कारण त्या शिक्षेत माझाही थोडा वाटा ते एकटे भोगत होते.

फेरपरीक्षेला पाच जण होते. या खेपेला मांडणी माझ्याकडे. सात नंबरवर काय ठेवणार, हे मामांनी मला फोनवर दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "नको सांगू. बरां केलंस." नवीन अटेंडंटनं घंटा पुसून ठेवली. गाऱ्हाणं घालायला कुणी नव्हतं. परीक्षक अजून यायचे होते, म्हणून मी फाटकापर्यंत गेले, तर समोरच्या फुटपाथवर झेरॉक्सच्या दुकानाजवळ मामा उभे. कॉलेजकडे पाठ करून.

ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी रस्ता ओलांडून गेले. "मामा, वर चला. स्टाफरूममध्ये बसा, पंखा आहे."

"नाय."

"अहो, निदान फाटकाच्या आत सावलीत उभे राहा."

"तिनं खिडकीतून बघितलं तर मी दिसेन," ते म्हणाले. "दिसलो तर ती माझ्याकडे बघणार. तू जा. पोरं खोळंबली असतील."

मी गेले. स्पॉट सुरू झाले. ती सातव्या नंबरवर आली, लिहायला लागली आणि थांबली. पेन तसंच हवेत राहिलं. मी खरोखरच खिडकीबाहेर बघायला लागले, कारण माझ्या चेहऱ्यावर माझा भरवसा नव्हता. खाली रस्त्यापलीकडे मामांची पाठ दिसत होती. घामानं शर्ट चिकटलेला. घंटा वाजली, ती पुढे सरकली, आणि तिनं काय केलं ते मला कळलं नाही.

मामा त्यानंतर महिनाभरात गेले. ऑपरेशन गावाकडच्या डॉक्टरांकडेच करून घेतो म्हणून मालवणला गेले होते, पण डोळ्यांच्या आधी हृदयानंच दगा दिला. आम्हाला फोनवर कळलं. तेव्हा हेड लॅबच्या दारात चपला काढून उभे राहिले. मला त्यांची आठवण आली की लॅब आठवत नाही. त्या दिवशीचा फुटपाथच आठवतो.

परीक्षा संपल्यावर मी आणि ती मुलगी बरोबरच खाली उतरलो. मामा तसेच पाठमोरे उभे होते. ती मागून जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि मला विचारलं, "हीच ना ती?"

"सातवर दोरीची गुंतवळ होती," ती म्हणाली. "आधी वाटलं भेक. मग वाटलं, गोगलगाय असेल."

"मगे?"

"मग खोडलं नाही."

मामांनी माझ्याकडे मान वळवली. मी म्हटलं, "भेकच होती, मामा."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला. "काय मेल्यांचा फॉर्मलिन," ते म्हणाले, "रस्त्यापलीकडे परेन वास येता." रस्त्यावर डिझेलशिवाय कसलाही वास नव्हता. मुलीनं त्यांचा दंड धरला आणि ते दोघं रस्ता ओलांडायला निघाले. गाड्या थांबत नव्हत्या. मामांनी हात वर करून, आवाज चढवून एकाला दम भरला, "ए रिक्षावाल्या, आंधळो काय रे तू?"

तो दुधाचा टेम्पो होता. पण थांबला.